घरी बनवलेले रॅम्प आणि कॅम्पर गाडीचं खालचं काम: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

२०२१ ला राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं आणि त्यानंतर आपल्याकडे पण बरेच जण ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन आत बेड, ओटा, पाण्याची टाकी बसवून घ्यायला लागले. आमची पण तशीच एक आहे, पाथर्डी फाट्याला घरासमोर उभी असते आणि तिच्या खाली मी स्वतः शिरून ऑइल, ग्रीस, टाकीचे पाइप बघतो. त्यामुळे रॅम्पबद्दल, म्हणजे चाकं वर चढवून गाडी उंच करायच्या उताराबद्दल, जो तो मलाच विचारतो, तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. विषय अंगावर गाडी येण्याचा आहे, त्यामुळे काही ठिकाणी मी जरा जास्त बोललोय, तेवढं वाचाच.

गाडीत जॅक आहे की, मग रॅम्प कशाला?

जॅक गाडी उचलायला असतो, उचलून धरून ठेवायला नाही. त्याच्यावर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, एक मिनिटासाठी पण नाही, चप्पल गेली आत तरी हात घालायचा नाही. जॅकचा अजून एक घोळ लोकांच्या लक्षात येत नाही तो म्हणजे ट्रॅव्हलरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं एक चाक उचललं की गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचा काही उपयोग उरत नाही, कारण हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं पण त्यामुळे मोकळं होतं. दोन्ही मागची उचलली तर हँडब्रेक पण गेला. रॅम्पवर चारही चाकं कशावर तरी घट्ट बसलेली असतात, गाडीचं वजन टायरवरच असतं, ब्रेक चालू असतो. हा खरा फायदा आहे.

रॅम्पवर कोणती कामं करता येतात?

इंजिन ऑइल, फिल्टर, गिअरबॉक्स आणि क्राउनचं (मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शिअलचं) ऑइल, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना बघणं, सायलेन्सरचे हँगर, सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, खालून गेलेली गॅसची लाइन आणि वायरिंग, आणि पावसाळ्यानंतर गंज खरवडून कोटिंग मारणं. चाक काढायचं काम, ब्रेक लायनर, बेअरिंग हे रॅम्पवर होत नाही, त्याला जॅक आणि घोडीच (उचललेली गाडी धरून ठेवणारा लोखंडी स्टँड) लागते.

एक लक्षात ठेवा, क्राउन आणि गिअरबॉक्सचं ऑइल भोकाच्या पातळीपर्यंत भरायचं असतं आणि गाडी पुढून उचललेली असेल तर ती पातळी चुकते. ऑइल काढून घ्या रॅम्पवर, पण पातळी सपाट जागेवर गाडी आणूनच पक्की करा. इंजिनच्या डिपस्टिकचं पण तसंच.

आपली गाडी किती वजनाची आहे ते कसं कळणार?

आरसीवर जे वजन असतं ते गाडी कंपनीतून निघाली तेव्हाचं असतं. नंतर तुम्ही प्लायवूडची कपाटं घातली, बॅटऱ्या घातल्या, १०० लिटरची टाकी भरली म्हणजे १०० किलो तेच झाले, वर सोलर, छतावर कॅरिअर. अंदाज करू नका, वजनकाट्यावर घ्या. पिंपळगाव बसवंतला, दिंडोरी रोडला मार्केटच्या आसपास कांदा-टोमॅटोच्या गाड्या मोजणारे काटे असतात, गर्दी नसताना गेलं की माणूस मोजून देतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन मागा, मग पूर्ण गाडी, वजाबाकी केली की मागच्या एक्सलचं मिळतं. समजा मागे २००० किलो आले तर एका बाजूला १००० किलो झाले, पण किचन आणि टाकी एकाच बाजूला असेल तर ती बाजू जड असते, म्हणून मी हिशोबाला एका रॅम्पवर त्याच्या दुप्पट धरतो. दुप्पट कशाला असं विचारतात. लाकडात गाठ असते, वेल्डिंगमध्ये पोकळी असते आणि गाडी चढताना दणका देते, म्हणून.

लाकूड की लोखंड?

घरी स्वतः करणार असाल तर लाकूड, आणि तेही भरीव. माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे, भरीव. फळीवर फळी रचून केलेला ठोकळा म्हणजे रॅम्प, आतून पोकळ काही नको.

कारण सांगतो. टायरमध्ये ६० पीएसआय हवा असेल तर तो टायर खालच्या पृष्ठभागावर साधारण तेवढाच दाब देतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ४.२ किलोच्या आसपास. १००० किलोचं चाक म्हणजे साधारण २४० चौरस सेंमीवर बसलेलं असतं. एवढा दाब साधं पाइन पण आरामात सोसतं, कारण लाकूड दाबायला पक्कं असतं. लाकूड मोडतं ते वाकवल्यावर. भरीव रॅम्पमध्ये वाकायला जागाच नसते, खाली सगळीकडे आधार आहे. आणि समजा काही बिघडलंच तर लाकूड आधी करकरतं, चिरतं, तुम्हाला दिसतं, ऐकू येतं.

लोखंडी रॅम्प हलका होतो, टिकतो, पण त्याची ताकद वेल्डिंगच्या हातावर असते आणि तो हात तुम्ही ओळखता का हा प्रश्न आहे.

सिमेंटचे ब्लॉक रचून फळी टाकली तर? स्वस्तात होतं.

नाही. भाजलेली वीट नाही, फ्लाय ॲशची नाही, पोकळ ब्लॉक तर अजिबात नाही. ब्लॉक भिंतीत चालतो कारण भिंतीत वजन सगळीकडे सारखं पसरतं, इथे कडेवर एका जागी दणका बसतो. आणि ब्लॉक सांगून फुटत नाही, एका क्षणात भुगा होतो. मी स्वतः सुरुवातीला, गाडी नवीन होती तेव्हा, दोन ब्लॉकवर पुढचं चाक घेतलं होतं, ऑइल गरम करायला इंजिन चालू ठेवून घरात गेलो आणि बाहेर आवाज झाला. ब्लॉक बसला होता आणि बंपर फरशीला टेकला होता. पाच मिनिटांनी मी इंजिनच्या ऑइल चेंबरखाली झोपलेला असतो. त्या दिवसापासून आमच्याकडे गाडीखाली सिमेंट नाही.

काळा दगड चालेल का असं एकाने विचारलं होतं. चाक पुढे-मागे जाऊ नये म्हणून लावायला चालेल, चाकाखाली उंची म्हणून नाही.

लाकूड कोणतं आणि कुठून आणायचं?

सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये मशिनरी ज्या पेट्यांतून आणि पॅलेटवर येते त्याचं पाइन भंगारवाल्यांकडे निघतं. चांगलं असतं, सुकलेलं असतं. त्यावर शिक्का असतो तो बघा, एचटी लिहिलं असेल तर लाकूड उष्णता देऊन कीड मारलेलं आहे, ते घ्या, एमबी लिहिलं असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं आहे, ते घरी कापत बसू नका. खिळे सगळे काढा. पॅलेटच्या वरच्या पातळ पट्ट्या नको, पेट्यांच्या खालचे जाड तुकडे हवेत, ४० मिमीच्या पुढचे.

सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या पण मिळतात, पण त्या पाणी खाऊन खाऊन आतून मऊ झालेल्या असतात, टोकाला स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा, आत गेला की सोडून द्या. वखारीतून नवीन घेतलंत तर घनफुटावर मिळतं. खाली दिलेल्या मापाच्या दोन रॅम्पला साधारण ३ घनफूट लागतं, कापाकापीत जाणारं धरून साडेतीन घ्या. सागवान लागत नाही, उगाच पैसे जातात.

नक्की मापं द्या ना.

देतो, पण ही एकेरी टायरच्या आणि एका चाकावर हजार किलोच्या आतबाहेर असलेल्या गाडीसाठी आहेत.

फळी ४० मिमी जाड, ३० सेंमी रुंद. रुंदी एका फळीत मिळाली नाही तर दोन शेजारी, पण मग वरच्या थरात सांधा दुसऱ्या जागी यायला हवा, सगळे सांधे एका रेषेत आले तर रॅम्प मधून फाकतो. चार थर. सगळ्यात खालचा १२० सेंमी लांब, त्यावरचा ९८, मग ७६, सगळ्यात वरचा ५४. मागची बाजू चारही थरांची एका रेषेत, पुढे प्रत्येक थर २२ सेंमी आत. उंची झाली १६ सेंमी आणि चढ झाला साधारण १० अंश. प्रत्येक थराची पुढची कड तिरकी तासून घ्या म्हणजे टायरला पायरी लागत नाही.

चढ याच्यापेक्षा उभा करू नका. पाऊण फूट उंचीला तीन फूट लांबी असे रॅम्प मी पाहिलेत, ते १४ अंशाच्या आसपास जातात, साध्या कारला ठीक, पण आपल्या गाड्यांना पुढे बंपर खाली, दाराला पायरी खाली, ते आधी घासतं.

वरचा ५४ सेंमीचा थर एकदम सपाट असला पाहिजे. त्याच्या टोकाला १० बाय १० सेंमीचा अडसर बसवायचा, मग चाकाला ४४ सेंमी सपाट जागा उरते. ही सपाट जागा का महत्त्वाची ते समजून घ्या, कारण इथेच लोक जागा वाचवतात. चाक सपाट भागावर उभं असेल आणि मागची चाकं सपाट जमिनीवर, तर गाडी थोडी वर तोंड करून असली तरी तिला मागे जायचा ओढा नसतो. चाक उतारावर अर्धवट थांबलं की ओढा सुरू झाला आणि तो हँडब्रेक सुटेपर्यंत थांबत नाही.

जोडणीला प्रत्येक थराला मरीनवाला गोंद आणि कोच स्क्रू, आणि जिथे चारही थर एकावर एक आहेत तिथे आरपार भोकं पाडून १० मिमीचे चार थ्रेड रॉड, दोन्हीकडे मोठा वायसर आणि नट. खालचा नट लाकडात खोल बसवा, बाहेर आला तर रॅम्प डुगडुगतो. जिप्समचे काळे स्क्रू वापरू नका, ते आडव्या जोराला कटकन तुटतात. अडसराला १२ मिमीचे दोन रॉड खालपर्यंत. अडसर हा चाक टेकलं हे ड्रायव्हरला कळायला आहे, ॲक्सिलरेटर दाबलात तर गाडी त्याच्यावरून पण जाईल.

एक रॅम्प पाइनमध्ये २० किलोच्या आसपास भरतो. कडेला नायलॉनच्या दोरीची कडी लावा, उचलायला बरं पडतं.

दोन ठोकळ्यांवर एक जाड फळी तिरकी टाकली तर काम होत नाही का?

होतं, मोडेपर्यंत. फळी दोन टोकांवर टेकवली की ती वाकते, आणि वाकण्यात जाडीचा हिशोब वेगळा असतो, जाडी निम्मी केली तर ताकद निम्मी नाही, पाव होते. ५० मिमी जाड, २५ सेंमी रुंद फळी, दोन आधारांत ६० सेंमी अंतर, मधोमध १००० किलो, एवढ्यातच साध्या पाइनच्या सोसण्याची हद्द ओलांडली जाते. एक इंची फळीचं तर विचारू नका. ट्रकमध्ये बाईक चढवतात ती फळी बघून लोकांना वाटतं चालेल, पण बाईक दीडशे-दोनशे किलोची असते.

द्राक्षबाग काढली, वेलींच्या मांडवाचे वाय आकाराचे लोखंडी अँगल पडून आहेत, त्याचे रॅम्प बनवू का?

हा प्रश्न फक्त आपल्या नाशकातच येणार. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, जिकडे बाग काढतात तिकडे ढीग पडलेला असतो आणि माझ्या सासऱ्यांनी पण हेच सुचवलं होतं, म्हणजे त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ते अँगल वेलीचं आणि तारेचं वजन धरायला असतात, चाकाचा दणका घ्यायला नाही. त्यात वर्षानुवर्षं त्यावर बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी झालेली असते, मोरचुदातलं तांबं लोखंडाला आतून खातं, वरून रंग ठीक दिसतो आणि हातोडीने ठोकलं की पापुद्रे पडतात. जमिनीत गाडलेला भाग तर गेलेलाच असतो. आणि त्यातले काही जस्त लावलेले असतात, ते वेल्ड केले की पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. त्या अँगलचं रॅम्प ठेवायला स्टँड करा, आम्ही तेच केलंय.

मग वेल्डरकडून लोखंडी करून घेताना काय बघायचं?

अंबडला, सातपूरला फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत आणि चांगले कारागीर आहेत. पण त्यांना "गाडीचा रॅम्प" एवढंच सांगू नका, वजन सांगा, कागदावर चित्र काढून द्या. बाजूचे दोन उभे पट्टे १०० मिमीच्या सी चॅनलचे, मध्ये ५० बाय ५० बाय ६ चे अँगल आडवे, १५ सेंमीवर एक, वर चेकर्ड प्लेट, आणि सपाट भागाखाली चार उभे पाय, पायाखाली प्लेट. पायांना तिरके आधार हवेतच, नुसते सरळ उभे पाय असले की रॅम्प पत्त्याच्या घरासारखा एका बाजूला पडतो. स्टूल कसं हलायला लागतं तसंच.

वेल्डिंग सलग हवं. मी एकदा करून घेतलेल्या रॅम्पला त्या माणसाने नुसते टाके मारून वर ग्राइंडर आणि रंग मारून दिलं होतं, दिसायला एकदम सुंदर, मी घरी आणून हातोडीने ठोकून बघितलं तर दोन अँगल सुटून हातात आले. म्हणून रंग लावायच्या आधी बघायला जा. सांधा सगळ्या बाजूने भरलाय का, कडेला खाच पडलीये का, छिद्रं आहेत का. रंग मी स्वतः घरी आणून लावतो.

मागे डबल टायर आहेत, काय करू?

रॅम्प रुंद करा. दोन्ही टायर पूर्ण बसले पाहिजेत, ट्रॅव्हलरला साधारण ५५ सेंमी रुंदी धरा. एकाच टायरखाली रॅम्प घातला तर दोन टायरांचं वजन एकट्यावर येतं, त्याची तेवढी क्षमता नसते, आणि गाडी बाजूला घसरायला पण वाव राहतो. खरं सांगायचं तर मी मागची बाजू फार कमी वेळा चढवतो, बहुतेक काम पुढून उचलून होतं.

चाक चढायला लागलं की रॅम्पच पुढे सरकतो. काय करायचं?

हे नव्वद टक्के लोकांचं होतं आणि जास्त करून पार्किंगच्या टाईल्सवर किंवा ओल्या शहाबादीवर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक स्वतः ओढत नाही, ते नुसतं ढकललं जातं, म्हणून ते रॅम्पला पुढे लोटतं. उलट मागची चाकं चढवताना फिरली तर रॅम्प मागे फेकतात, आणि तो फेकलेला रॅम्प पायाला लागला तर पाय मोडतो, तिथे कुणी उभं राहायचं नाही.

उपाय सोपा आहे. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा भंगारात मिळतो, रॅम्पच्या रुंदीचा आणि रॅम्पपेक्षा दीड-दोन फूट लांब. तो रॅम्पच्या तळाला बोल्टने पक्का करायचा आणि जास्तीचा भाग चाकाच्या दिशेने बाहेर काढायचा. चाक आधी त्या पट्ट्यावर येतं, त्याच्याच वजनाने पट्टा दाबला जातो आणि रॅम्प हलत नाही. आमच्याकडे हा पट्टा लावल्यापासून रॅम्प एकदाही सरकला नाही. टाईल्स आधी झाडून कोरड्या करा, बारीक कच असली तरी घसरतं.

गाडी चढवायची पद्धत सांगा.

पाण्याच्या टाक्या रिकाम्या, गॅसचा कॉक बंद, आत मुलं-माणसं नाहीत. गाडी सरळ उभी करा, स्टिअरिंग सरळ, दोन्ही रॅम्प चाकांना चिकटवून ठेवा आणि दोन्ही सारखेच पुढे-मागे आहेत ना ते एक दोरी ताणून बघा. एक माणूस बाहेर हवा, ड्रायव्हरला आरशात किंवा खिडकीतून दिसेल असा बाजूला, समोर कधीच नाही. आमच्याकडे हे काम बायको करते आणि तिचा नियम असा की ती "बस" म्हणाली की मी थांबतो, का म्हणून विचारायचं नाही.

पहिला गिअर, क्लच हळू सोडत, डिझेल इंजिन जवळजवळ ॲक्सिलरेटर न देता चढतं. मध्ये थांबू नका, दणका देऊन पण चढवू नका. अडसराला चाक टेकलं की थांबा, हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद, चावी काढून खिशात. चावी खिशातच, कारण कुणीतरी आतून मोबाईल चार्ज करायला चावी फिरवतं. मग मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे.

उतरताना रिव्हर्स गिअरमध्येच, हळू. क्लच दाबून मोकळी सोडू नका.

चढली. आता शिरू खाली?

थांबा. आधी बाहेरून गाडीला जोरात हलवा, बाजूने ढकला, दोघांनी मिळून. काही करकरलं, सरकलं तर खाली उतरवा. रॅम्प नवीन असेल तर पहिल्या वेळी गाडी चढवून रात्रभर तशीच ठेवा, कुणी खाली जायचं नाही, सकाळी फटी, चिरा, नट सैल झालेत का ते बघा.

मग दुसरा आधार. याच्याशिवाय मी शिरत नाही, तुम्ही पण शिरू नका, दहा मिनिटांचं काम असलं तरी. चेसीच्या दोन्ही बाजूंना ३ टनाची एक-एक घोडी लावायची, अगदी थोडी फट ठेवली तरी चालेल, तिने वजन उचलायचं नाहीये, रॅम्प गेला तर गाडी तिच्यावर अडकली पाहिजे. घोडी नसेल तर लाकडाच्या चौकोनी ठोकळ्यांची चौकट, दोन आडवे ठेवून त्यावर दोन काटकोनात आडवेच, असं रचत, आणि उंची तळाच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. स्टेपनी काढलेली असेल तर ती पण चेसीखाली सरकवून ठेवा, अजून एक आधार. एअर सस्पेन्शन लावलेलं असेल तर घोडी सक्तीची समजा, कारण बेलोजमधली (स्प्रिंगच्या जागी असलेल्या रबरी फुग्यांतली) हवा उतरली की रॅम्प जागेवर असूनही चेसी खाली येते.

आणि घरात कुणाला तरी माहीत असू द्या की तुम्ही खाली आहात. गोणपाट टाका खाली, झोपून सरकायच्या चाकाच्या पाटापेक्षा तेवढीच दोन इंच जागा जास्त मिळते.

पुढून चढवली की मागचा बंपर किंवा टाकी टेकते.

टेकू शकते, आपल्या गाड्यांची शेपटी लांब असते. साडेतीन मीटरच्या आसपास व्हीलबेस आणि १६ सेंमी उंची असेल तर मागच्या चाकापासून दीड मीटर मागे असलेलं टोक साधारण ७ सेंमी खाली येतं. आधी टेप घेऊन मोजा. मागे सांडपाण्याची टाकी किंवा टो हुक लोंबत असेल तर तीन थरांचा रॅम्प करा, १२ सेंमीचा.

शेतात, मळ्यात काळ्या मातीत रॅम्प लावू का?

उन्हाळ्यात कडक असते तेव्हा, तेही खाली १८ मिमीचं प्लाय टाकून. पावसाळ्यात नाही. काळी माती ओली झाली की एक बाजू गुपचूप बसते आणि दोन रॅम्पची उंची वेगळी झाली की चेसी पिळते. त्र्यंबक, इगतपुरीकडे फिरायला गेल्यावर गाडीखाली आवाज येतोय म्हणून तिथेच चिखलात खाली शिरायचा मोह होतो. हळूहळू पक्क्या जागेवर या, पेट्रोल पंपाच्या बाजूला काँक्रीट असतं, तिथे विचारून करा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालेल का?

विचारून करा. पण परवानगीपेक्षा उतार बघा, पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो, आडवी फळी आणि लेव्हल बाटली ठेवून तपासा. बेसमेंटच्या उतारावर तर नाहीच. आणि लहान मुलं खेळतात तिथे दोरी बांधा, चेंडू गाडीखाली गेला की पोरगं पण मागोमाग जातं.

रेडीमेड प्लास्टिकचे रॅम्प ऑनलाइन मिळतात ते?

कारसाठी ठीक. आपल्यासाठी घेताना वजन एका रॅम्पचं लिहिलंय की जोडीचं ते बघा, बहुतेक वेळा जोडीचं असतं. रुंदी पण बघा, २१५ मिमी रुंदीच्या टायरला खूपच अरुंद पडतात काही.

हेच रॅम्प कॅम्पिंगला गाडी लेव्हल करायला वापरता येतील?

एवढे मोठे कशाला नेता? त्याच फळ्यांचे उरलेले तुकडे घेऊन दोन थरांचे छोटे करा, ८ सेंमीचे, बेडवर डोकं खाली जात नाही आणि सिंकचं पाणी नीट वाहतं. भंडारदऱ्याला, गंगापूर धरणाच्या बाजूला कुठेच सपाट जागा मिळत नाही, तिथे हे रोज लागतात. पण लेव्हलच्या ठोकळ्यांवर गाडी असताना खाली शिरायचं नाही, ते त्यासाठी नाहीत.

लाकडाला पावसाळा आणि वाळवी?

जमिनीवर ठेवू नका, भिंतीला उभे करा, वर ताडपत्री, पण वारा खेळता हवा. वाळवीचं औषध आणि मग वुड प्रायमर, ऑइलपेंट. गावाकडे लाकडाला जळकं ऑइल चोपडतात, रॅम्पला ते करू नका, टायर घसरतो. वरच्या भागाला शेवटचा हात ओला असताना चाळलेली कोरडी वाळू भुरभुरवा, चांगली पकड येते. दर दिवाळीच्या आधी, म्हणजे पाऊस संपला की, नट आवळा आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागलं तर तो थर बदला, नाहीतर पूर्ण रॅम्प चुलीत घाला.

काढलेलं ऑइल कुठे टाकायचं?

गटारीत नाही. आमच्या भागातलं गटारीचं पाणी नासर्डी नदीत जातं आणि नासर्डी गोदावरीत. कॅनमध्ये भरा, फिल्टर पालथा घालून निथळू द्या, आणि ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ऑइल गोळा करणारे घेऊन जातात.

हे सगळं जमणार नसेल तर?

मग वॉशिंग सेंटरला जा, बऱ्याच ठिकाणी काँक्रीटचा पक्का रॅम्प किंवा पिट असतो. फक्त आधी गाडीची उंची, वजन आणि चाकांमधलं अंतर सांगा, छोट्या गाड्यांसाठी केलेल्या रॅम्पवर ट्रॅव्हलरची चाकं कडेवर येतात. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा तासभर जागा देतात, ऑइल आणि फिल्टर तुम्ही नेलेलं पण चालतं. आणि तिथे पण खाली शिरायच्या आधी मागच्या चाकांना ठोकळे लावा, ते घरून घेऊन जा, तिथे बहुतेक वेळा नसतात.